वाफसा मोजणारी काठी : ओल्या हंगामात टीडीआर ३५०

पेरणीआधी शेतकरी मूठभर माती उचलतो, दाबतो आणि हातातून सोडतो. गोळा पडून फुटला तर वाफसा आला, चिकटून राहिला तर अजून थांबायचं. गोल्फच्या ग्रीनवर, म्हणजे झेंड्याच्या भोकाभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या हिरवळीवर, हे करायचं म्हटलं तर पंचाईत होते. तीन-साडेतीन मिलिमीटरवर कापलेल्या हरळीच्या गालिच्यातून रोज वीस ठिकाणी मूठभर माती कोण काढू देईल? म्हणून बऱ्याच मैदानांवर वाफसा बुटाच्या टाचेने ठरतो. मुकादम टाच दाबतो, पाणी वर आलं की गवत कापायचं मशीन परत शेडमध्ये. पद्धत वाईट नाही. पण टाचेला वरच्या दोन सेंटिमीटरपलीकडचं कळत नाही आणि प्रत्येकाची टाच वेगळी.

स्पेक्ट्रम टेक्नॉलॉजीज या अमेरिकी कंपनीचा फील्डस्काउट टीडीआर ३५० हा ओलावामापक गोल्फच्या जगात बहुतेकांना माहीत आहे, पण उन्हाळ्याचं यंत्र म्हणून. पाणी कुठे मारायचं, कुठे वाचवायचं, हे ठरवायला तो विकत घेतात आणि मृगाचा पाऊस पडला की पेटीत ठेवून देतात. पाऊस पडतोय तर ओलावा काय मोजायचा, असा साधा हिशेब. आमच्या मते हा हिशेब उलटा आहे. उन्हाळ्यात चूक झाली तर पाणी मारून ती दुरुस्त करता येते. पावसाळ्यात चिखलावर मशीन गेलं की त्याची खूण दिवाळीपर्यंत दिसते. आकडा हवा असतो तो तेव्हा.

२०२५ सालचंच बघा. मोसमी पाऊस मुंबईत पोचला २६ मे रोजी. नेहमीची तारीख ११ जून. देशभरात हंगामाचा पाऊस सरासरीच्या १०८ टक्के झाला. पण मैदानवाल्यांना टक्केवारीपेक्षा ते हरवलेले दोन आठवडे जास्त नडतात. ग्रीनला पोकळ सुयांनी भोकं पाडून वाळू भरायचं मोठं काम मेच्या उत्तरार्धावर ठेवलं असेल, तर अशा वर्षी ते राहूनच जातं. मग वर्षभराचा थॅच, म्हणजे मेलेल्या मुळा-खोडांचा स्पंजसारखा थर, तसाच पावसाळ्यात शिरतो. अशा ग्रीनवर कुठे किती पाणी अडतंय हे नुसत्या नजरेने कळत नाही, कारण वरून सगळं सारखंच हिरवं दिसतं.

यंत्र म्हणजे एक उभी काठी, वर पडदा, खाली स्टीलच्या दोन सळ्या. सळ्यांची जाडी सुमारे अर्धा सेंटिमीटर, दोघींत साधारण ३.३ सेंटिमीटर अंतर. सळ्यांच्या चार लांब्या मिळतात : ३.८, ७.६, १२ आणि २० सेंटिमीटर. सळ्या जमिनीत खुपसून बटण दाबलं की विजेचा एक स्पंद त्यांच्यावरून जाऊन परत येतो आणि तो किती वेळात आला यावरून पाण्याचं प्रमाण काढलं जातं. यामागचं तत्त्व सोपं आहे. वीजक्षेत्राला प्रतिसाद देण्याचा पाण्याचा आकडा ८० च्या आसपास, कोरड्या मातीचा ३ ते ५ आणि हवेचा १. त्यामुळे मातीत थोडं जरी पाणी वाढलं तरी स्पंद लगेच मंदावतो. पडद्यावर येणारा आकडा घनफळाच्या टक्क्यांत असतो. ३० म्हणजे शंभर भाग मातीत तीस भाग पाणी. अचूकता अधिक-उणे ३ टक्के, तीही क्षार फार नसतील तर. सोबत पृष्ठभागाचं तापमान आणि क्षारतेचा अंदाज मिळतो, जीपीएस आत आहे आणि ब्लूटूथने आकडे फोनवर घेता येतात.

पावसाळ्यासाठी यातलं सगळ्यात मोलाचं काय असेल तर सळ्यांची बदलती लांबी. एकाच जागी आधी ३.८ आणि मग २० सेंटिमीटरच्या सळ्यांनी मोजलं की दुखणं वर आहे की खाली ते समजतं. वरचा आकडा चढलेला आणि खालचा बेताचा असेल तर पाणी खाली उतरतच नाहीये : थॅच जाड झालाय, वर शेवाळाची पापडी बसलीय किंवा बारीक गाळाचा थर साचलाय. उपाय वरचाच, बारीक सुया आणि कोरड्या वाळूचा हलका हात. याउलट वरचा आकडा रोजच्यासारखा आणि खालचा दिवसेंदिवस तिथेच अडून बसलेला असेल, तर निचऱ्याचा पाइप तुंबलाय. अशा ग्रीनवर कितीही भोकं पाडा, पाणी जाणार कुठे? आधी पाइपचं बाहेरचं तोंड शोधा. निम्म्या वेळा ते गवतात आणि गाळात गाडलेलं सापडतं.

इथे एक खोच आहे आणि नवखा माणूस हमखास तिथे फसतो. यूएसजीए, म्हणजे अमेरिकेच्या गोल्फ संघटनेच्या, पद्धतीच्या ग्रीनमध्ये वाळूचा सुमारे ३० सेंटिमीटरचा थर, त्याखाली १० सेंटिमीटर खडी आणि खडीत पाइप असतात. बारीक वाळूतलं पाणी जाड खडीत सहजी उतरत नाही. वर पुरेसा दाब साठेपर्यंत ते सीमेवर लटकून राहतं. म्हणजे त्या थराचा तळ मुद्दामच ओला ठेवलेला असतो. २० सेंटिमीटरच्या सळ्या या ओल्या पट्ट्याच्या जवळ पोचतात, त्यामुळे त्यांचा आकडा निरोगी ग्रीनवरही वरच्यापेक्षा जास्त येऊ शकतो. तो बघून पाइप तुंबला म्हणत खोदकाम काढू नका. बघायचं ते एवढंच, की पाऊस थांबल्यावर तो आकडा खाली येतोय की नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं काम हेच : आकडा नव्हे, आकड्याची घसरण बघणं. प्रत्येक ग्रीनचा स्वतःचा एक ‘निथळलेला आकडा’ असतो. तो काढायचा असा. जोराचा पाऊस पडून ग्रीन पूर्ण भिजू द्या. पाऊस थांबल्यावर ७.६ सेंटिमीटरच्या सळ्यांनी पहिलं मोजमाप, मग सहा, बारा आणि चोवीस तासांनी. आकडा आधी भराभर पडतो, मग हळू होतो. जिथे हळू होतो तो त्या ग्रीनचा निथळलेला आकडा. चांगल्या वाळूच्या ग्रीनवर तो विशी-पंचविशीत येतो. मूळ मातीवरच उभारलेल्या जुन्या ग्रीनवर पस्तीसही येऊ शकतो आणि तिथे तोच बरोबर असतो. म्हणून दुसऱ्या मैदानाचा आकडा आपल्या फळ्यावर लिहून ठेवण्यात काही अर्थ नाही. एकाच मैदानावरच्या चौथ्या आणि अकराव्या ग्रीनचा आकडासुद्धा एक नसतो.

घसरणीचा हिशेब मिलिमीटरमध्ये केला की आणखी उमजतं. ७.६ सेंटिमीटर म्हणजे ७६ मिलिमीटर. संध्याकाळी ३८ असलेला आकडा पहाटे २४ वर आला तर वरच्या थरातून जवळपास साडेदहा मिलिमीटर पाणी खाली गेलं. पाचशे चौरस मीटरच्या ग्रीनवर हे सव्वापाच हजार लिटर होतं. रात्री ऊन नसतं, वारा बेताचा, म्हणजे हे सगळं काम निचऱ्याचं. शेजारच्या ग्रीनवर त्याच रात्रीत आकडा ३९ वरून ३६ वरच आला असेल तर आजारी कोण ते वेगळं सांगायला नको. श्रावणातल्या ढगाळ दिवशी गवत आणि उघडी जमीन मिळून दोन-तीन मिलिमीटर पाणी उडवतात. या थराच्या भाषेत तीन-चार टक्के. ‘ऊन पडलं की सुकेल’ या भरवशावर ओल्या हंगामात ग्रीन सुकत नाही, हे इथे आकड्यानेच दिसतं.

याच हिशेबाने पावसाचाही अंदाज येतो. ग्रीन २० वर आहे आणि भरून वाहायला लागतं ४० वर, तर वरच्या थरात जागा उरली फक्त पंधरा मिलिमीटरची. हवामान खात्याच्या व्याख्येत चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर गेला की ‘जोरदार पाऊस’. कोकणपट्टीत असे दिवस जुलैत कितीतरी येतात. पंधराच्या वरचं सगळं पाणी खालून वाट काढणार, नाहीतर उतारावरून बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, जाणार आणि तिथली वाळू घेऊन पुढे.

मोजण्याची रीत. प्रत्येक ग्रीनवर नऊ जागा ठरवून टाका : पुढे तीन, मधे तीन, मागे तीन. रोज त्याच जागा, पण आदल्या दिवशीच्या भोकापासून वीतभर सरकून. सकाळी गवत कापण्याआधी मोजायचं. वर पाणी तरंगत असेल तर आधी रबरी वायपरने ओढून काढा, नाहीतर सळ्यांच्या बुडाशी पाण्याचा थर राहून आकडा खोटा चढतो. सळ्या सरळ आणि पूर्ण आत गेल्या पाहिजेत. ७.६ ची सळी सहाच सेंटिमीटर गेली तर उरलेला भाग हवेत मोजला जातो आणि तीसचा आकडा चोवीस दिसतो. हलवत-डोलवत खुपसलं तर भोक मोठं होतं. उन्हाळ्यात त्यात हवा शिरून आकडा कमी येतो, पावसाळ्यात पाणी शिरून जास्त. एकच माणूस, एकच दाब, एकच वेळ. अठरा ग्रीनची फेरी नऊ-नऊ जागांनी १६२ वेळा खुपसण्याची होते, सरावलेल्या माणसाला दीड-दोन तास लागतात. तेवढा माणूस नसेल तर रोज सहा ग्रीन धरा, पण ते सहा नेहमीचे रडके असू द्या.

सेटिंगमध्ये दोन जागी चुका होतात. पहिली, सळ्या बदलल्यावर पडद्यावर लांबी बदलायची राहते. मग आकडे असे येतात की मैदान एका रात्रीत वाळवंट झालं किंवा तलाव झालं. दुसरी, मातीचा प्रकार. साधी, जास्त चिकणमातीची आणि वाळूची, असे पर्याय आहेत. ग्रीनवर वाळू, फेअरवेवर, म्हणजे ग्रीनपर्यंतच्या लांब हिरव्या पट्ट्यावर, जी असेल ती. फेरीच्या मध्ये हे बदलत बसण्यापेक्षा आधी सगळे ग्रीन उरकावेत, मग फेअरवे. नवीन सळ्या लावल्यावर हवेत आणि शुद्ध पाण्यात धरून यंत्र जुळवून घ्यायची सोय आहे. पाणी डिस्टिल्डच घ्या, बोअरचं चालत नाही.

काळ्या मातीच्या फेअरवेवर मात्र या यंत्राकडून फार अपेक्षा ठेवू नये. आपली काळी माती फुगणारी. तिच्या अतिबारीक कणांना चिकटून बसलेलं पाणी स्पंदाला मोकळ्या पाण्यासारखं जाणवत नाही, वर मातीची स्वतःची विद्युतवाहकता स्पंद खाऊन टाकते. चिकणमातीच्या सेटिंगवरही आकडा सापेक्षच धरावा, म्हणजे कालपेक्षा आज कमी की जास्त एवढ्यापुरता. सळ्यांना लागलेला चिकट थर प्रत्येक वेळी फडक्याने पुसावा लागतो आणि पन्नास जागांनंतर तो कंटाळा आकड्यांतही दिसायला लागतो. मुरमाड पट्ट्यात तर खुपसूच नका. सळी वाकते, वाकलेल्या दोन सळ्यांतलं अंतर बदलतं आणि त्यानंतरचा प्रत्येक आकडा चुकतो. वाकलेली सळी हाताने सरळ करून वापरू नये, बदलावी. फेअरवेच्या मशीनचं वजन टनाच्या पुढे असतं, पण तिथला निर्णय मुकादमाच्या टाचेवर सोडला तरी चालतो असं आमचं स्पष्ट मत आहे.

क्षारतेच्या आकड्याचं थोडक्यात. शुद्ध केलेल्या सांडपाण्यावर जगणाऱ्या मैदानांत उन्हाळाभर क्षार साचतात आणि पहिले दोन-तीन मोठे पाऊस ते धुऊन नेतात. हे धुणं यंत्रात दिसतं, पण तो आकडा ओलाव्यावरही अवलंबून असतो. ओलावा सारखा असतानाचेच दोन आकडे एकमेकांशी ताडून बघा. कोरड्या मेमधला आणि ओल्या जुलैतला आकडा शेजारी ठेवून ‘क्षार वाढले’ म्हणणं चूक.

आता या आकड्यांवर काय ठरवायचं. गवत कापणं : आकडा निथळलेल्या पातळीच्या दोन-तीन टक्क्यांहून जास्त वर नसेल तर ढकलत न्यायचं हलकं मशीन चालतं, तेही उंची अर्धा मिलिमीटर वाढवून. बसून चालवायचं तीन रिळांचं मशीन याच्या पाच-सहा पट जड. ते आकडा पूर्ण निथळल्याशिवाय नको. त्याची चाकं कडेच्या शेवटच्या फेरीत रोज त्याच पट्ट्यावरून वळतात आणि ग्रीनला चिखलाची गोल चौकट पडते ती तिथेच. रोलर भिजलेल्या ग्रीनवर कधीच नाही. सुया : सहा ते आठ मिलिमीटर जाडीच्या भरीव सुया, आठ-दहा सेंटिमीटर खोल, दोन भोकांत पाच सेंटिमीटर. ग्रीन तुडुंब असताना मारल्या तर भोकाच्या भिंती गुळगुळीत लिंपल्या जातात आणि उपाय अपाय ठरतो. आकडा निथळेपर्यंत वाट बघा. मग वाळूचा एक मिलिमीटरचा हात : पाचशे चौरस मीटरला अर्धा घनमीटर, म्हणजे कोरडी वाळू साधारण आठशे किलो. ही वाळू मेमध्येच छपराखाली ठेवलेली असेल तरच हे जमतं. ओली वाळू सारखी पसरत नाही, ढेकळं होऊन बसते.

झेंड्याची जागा ठरवणं हा यंत्राचा सगळ्यात दुर्लक्षित उपयोग. नऊ जागांच्या आकड्यांतून ग्रीनचा कोरडा कोपरा रोज दिसतो. कप, म्हणजे झेंड्याचं भोक, तिथे काढला की दिवसभराची पावलं ओल्या भागावर पडत नाहीत. पाणथळ खळग्याच्या काठावर कप ठेवला तर संध्याकाळपर्यंत चिखलाचा गोल तयार होतो आणि पुढच्या आठवड्यात तिथे शेवाळ दिसतं.

मैदान बंद ठेवायचं की नाही, या रोजच्या वादातही आकडा उपयोगी पडतो. एरवी क्लबच्या सेक्रेटरींच्या बुटाला चिखल लागला की बंद, नाही लागला की चालू, असा कारभार असतो. निथळलेल्या पातळीपेक्षा आठ टक्के वर असेल तर पायीसुद्धा खेळ नाही, असं काही हंगामाआधी समितीकडून लिहून घेतलं की सकाळी सहा वाजता कुणाशी भांडावं लागत नाही. आठ हा आकडा पवित्र नाही, आपल्या ग्रीनवर बघून ठरवा.

जे यंत्र सांगत नाही तेही नीट माहीत हवं. मातीत हवा किती उरलीय ते त्याला कळत नाही. सतत भिजलेल्या वाळूत प्राणवायू संपतो, गंधकावर जगणारे जिवाणू माजतात आणि पृष्ठभागाखाली काळा पट्टा तयार होतो. त्या पट्ट्याच्या वर आणि आत ओलाव्याचा आकडा जवळपास सारखा येऊ शकतो. तो शोधायचा तर माती काढायची नळी खुपसा, गाभा उभा चिरा आणि नाकाशी धरा. सडक्या अंड्यांचा वास आला तर आकडा काहीही म्हणो, ग्रीन गुदमरतोय. पिथियमसारखे बुरशीचे रोगही यात दिसत नाहीत, कारण त्यांना मातीइतकीच पानावरची ओल आणि उबदार रात्र पुरते. आणि ३.८ च्या सळ्यांनी वाळूच्या ग्रीनवर पन्नासच्या वर आकडा आला तर यंत्राला दोष देण्याआधी गाभा काढून बघा. वाळूत तेवढी पोकळीच क्वचित असते, थॅचच्या स्पंजात असते. मोजलाय तो थॅच.

किंमत हा याचा खरा दोष. अमेरिकेतच दीड हजार डॉलरच्या आसपास, वर वाहतूक, जकात आणि वेगळ्या घ्याव्या लागणाऱ्या सळ्या. नऊ होलच्या छोट्या मैदानाला हा खर्च जड आहे आणि त्यांनी तो करावा असं आम्ही म्हणणार नाही. त्यांच्यासाठी माती काढायची नळी आणि एक वजनकाटा पुरतो. ठरावीक मापाचा गाभा काढा, ओला तोला, १०५ अंश सेल्सिअसला चोवीस तास वाळवून पुन्हा तोला. ग्रॅममधला फरक म्हणजे तेवढेच मिलिलिटर पाणी. त्याला गाभ्याच्या घनफळाने भागून शंभराने गुणलं की तोच टक्का मिळतो. फक्त उत्तर उद्या येतं आणि रोज नऊ भोकं पाडता येत नाहीत. नर्सरीत मिळणारे दोन काट्यांचे स्वस्त मीटर मात्र कुंडीसाठीच ठेवा. भिजलेल्या वाळूत ते पहिल्या पावसापासून ‘ओलं’ एवढंच सांगत राहतात.

अठरा होलच्या मैदानाने मात्र घ्यावा, विशेषतः खारघरसारख्या डोंगराच्या कुशीत किंवा चेंबूरसारख्या सखल जागी, जिथे पाणी वरून येतं तितकंच बाजूनेही येतं. सळ्यांच्या चारही जोड्या घेऊ नका. ७.६ रोजच्या कामाला, २० निचरा तपासायला, ३.८ थॅचसाठी. १२ ची जोडी पावसाळ्यात पेटीतून बाहेर येत नाही. त्याऐवजी ७.६ ची एक जादा जोडी ठेवा, कारण ऐन जुलैत सळी वाकली तर नवी यायला वेळ लागतो. फेरी झाल्यावर सळ्या काढून पुसा, आटे कोरडे करा, पेटी उघडी ठेवून हवा लागू द्या आणि महिना संपला की आकडे फोनवरून वहीत उतरवून घ्या. पुढच्या मेमध्ये पोकळ सुया कुठल्या ग्रीनवर आधी मारायच्या, ते त्या वहीतल्या सगळ्यात हळू घसरणाऱ्या आकड्यांवरून ठरवता येईल.